गाव कोणाचा? : स्थान, आश्रय आणि आपलेपणा यांविषयी काही विचार

गोमंतकात दोन अनोळखी माणसे भेटली म्हणजे एकमेकांस तीन प्रश्न विचारतात. आपण राहता कोठे, आपला मूळ गाव कोणता आणि आपले कुळदैवत कोणते? परप्रांतीयास या तीन प्रश्नांचे उत्तर एकच असावे असे वाटते. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत ती तीन उत्तरे तीन निरनिराळ्या ठिकाणांकडे बोट दाखवितात. बिऱ्हाड मुंबईस किंवा पणजीस, मूळ घर पेडणे महालात, आणि कुळदैवत अंत्रुजात, अशी स्थिती सर्वसामान्य आहे. मग या तिहींपैकी आपला गाव कोणता म्हणावयाचा? जेथे आपण पोट भरतो तो, जेथे पूर्वजांची भुई आहे तो, की जेथे आपण वर्षाकाठी एकदा ओटी भरण्यास जातो तो? वरवर पाहता हा केवळ शब्दांचा खेळ वाटेल. परंतु गावातील जमिनींना सोन्याचे मोल आले आहे, तरुण मंडळी बाहेर जात आहेत आणि बाहेरची मंडळी आत येत आहेत, अशा या काळात या प्रश्नाच्या उत्तरावर आपले आचरण अवलंबून राहणार आहे. म्हणून देवस्थानाशी निगडित अशा कुटुंबांनी त्याचा शांतपणे विचार करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथमच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपण ज्या देवांच्या चरणी स्थैर्य मागतो, त्यांतील कित्येक देव स्वतःच एके काळी विस्थापित झालेले आहेत. पोर्तुगीजांनी १५१० साली तिसवाडी घेतली आणि १५४३ साली बार्देश व सासष्टी हे प्रांत त्यांच्याकडे गेले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत तोच प्रसंग बार्देश व सासष्टीवर आला. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, मंगेश १५६० साली जुवारी नदी ओलांडून प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. वेरण्याची म्हाळसा नव्या ठिकाणी आली तेव्हा तिच्या जुन्या जागेचे ‘म्हार्दोळ’ हे नावही तिच्याबरोबर आले. म्हापशाची शांतादुर्गा पेडणे महालात धारगळास आली. चोडण बेटावरील देवकीकृष्ण प्रथम डिचोली महालातील मये गावी आणि तेथून माशेलास गेला. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वर, जो गोव्याच्या कदंब राजांचे कुळदैवत आणि ज्याचे नाव ते आपल्या बिरुदांत मिरवीत असत, तो मांडवी ओलांडून डिचोलीतील नार्वे येथे आला.

दिवाडी आणि नार्वे यांच्यामध्ये केवळ नदीचे पात्र आहे. आज फेरीबोटीने ते काही मिनिटांत ओलांडता येते. सोळाव्या शतकात मात्र त्या काही मिनिटांच्या अंतरावर देव असणे आणि देव नसणे यांची सीमा होती. परदेशगमन म्हटले म्हणजे आपल्या मनात सातासमुद्रांची कल्पना येते; परंतु घर सुटण्यास समुद्र लागत नाही, एक नदीही पुरते. पलीकडचा तीर दिसत असूनही तेथे आपले काही उरलेले नसणे, हे विस्थापितांचे खरे दुःख होय. प्राचीन रोमच्या लोकांतही अशीच एक कथा पूज्य मानली जात असे. जळत्या ट्रॉय नगरातून निघताना एनियसाने वृद्ध पित्यास खांद्यावर घेतले आणि घरचे देव बरोबर नेले. त्या देवांना घेऊन तो ज्या भूमीवर उतरला, तेथे पुढे रोम उभे राहिले. नगर मागे टाकावे लागले तरी देव आणि वडीलधारे मागे टाकावयाचे नाहीत, एवढा विवेक दोन्ही कथांत समान आहे.

आता या इतिहासाची दुसरी बाजू पाहू. ती आपल्या जत्रांच्या प्रवचनांतून फारशी ऐकू येत नाही. देव गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यांना जागा कोणी दिली? ज्या काळी हे स्थलांतर झाले, त्या काळी अंत्रुज आणि डिचोली हे प्रांत विजापूरच्या आदिलशाहीत होते. फोंड्याचा किल्ला शिवछत्रपतींनी घेतला तो १६७५ साली, म्हणजे देव तेथे येऊन शंभर वर्षे लोटल्यावर. एका परधर्मीय राजाच्या अमलाखालील मुलुखात आपल्या देवांना आसरा मिळाला, ही गोष्ट इतिहासाने नोंदविलेली आहे आणि ती विसरणे कृतघ्नपणाचे होईल. राजसत्तेहूनही जवळचे आश्रयदाते म्हणजे त्या त्या गावचे लोक. त्या गावांना स्वतःच्या ग्रामदेवता होत्या, स्वतःचे मांड होते, शेतांच्या व पाण्याच्या वाटण्या ठरलेल्या होत्या. रात्रीअपरात्री डोक्यावर देव घेऊन, भेदरलेली कुटुंबे बरोबर घेऊन कोणी दारात आला, तेव्हा त्या गावकऱ्यांनी त्याला जागा करून दिली. येणाराजवळ त्या भुईचा हक्क सांगण्यासारखा एकही कागद नव्हता. त्याची गरज हाच त्याचा कागद होता.

यावरून आमचा पहिला विचार असा, की कोणत्याही गावाच्या इतिहासात मालकीच्या आधी आश्रय येतो. आज ज्याला आपण ‘आमची वडिलोपार्जित जागा’ म्हणतो, तिच्या मुळाशी कोणी तरी कोणाला ‘ये, बैस’ म्हटलेले असते. रामायणात बिभीषण शरण आला तेव्हा सुग्रीवादिकांनी शंका काढल्या. शत्रूचा भाऊ, त्याचा विश्वास कसा धरावा? श्रीरामांनी शरणागतास अभय देणे हे आपले व्रत म्हणून सांगितले आणि त्या प्रसंगी कपोताची कथा आठवून दिली. दारी आलेल्या व्याधाची भूक भागविण्यासाठी त्या पक्ष्याने आपला देह अग्नीत टाकला होता. शरण येणाऱ्याची योग्यता काय, हा प्रश्न त्या कथेत गौण आहे; ज्याच्याकडे शरण जावयाचे त्याची योग्यता काय, हा मुख्य आहे. यहुदी लोकांच्या जुन्या धर्मग्रंथांत सहा आश्रयनगरे सांगितली आहेत. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला असेल, त्याने तेथे पळून जावे आणि न्याय होईपर्यंत सूडापासून सुरक्षित राहावे. नगराची कल्पना आपण तट, बाजार आणि राजवाडा यांवरून करतो. त्या प्राचीनांनी नगराचे एक लक्षण असेही मानले, की तेथे भयभीतास उभे राहावयास जागा असावी.

या कसोटीवर आपल्याच प्रदेशातील दोन स्थळे लावून पाहण्यासारखी आहेत. पोर्तुगीज सत्तेची राजधानी असलेले जुने गोवे हे एके काळी पूर्वेकडील मोठ्या वैभवाचे नगर होते. परंतु रोगराईने ते पोखरले, माणसे निघून गेली आणि १८४३ साली राजधानीचा मान रीतसर पणजीकडे गेला. प्रचंड चर्चे तेवढी उभी राहिली, नगर उरले नाही. याउलट ज्या खेड्यांनी पळून आलेल्या देवांना ठाव दिला ती खेडी मात्र त्या देवांच्या नावाने वाढली. प्रियोळातील त्या वाड्यास लोक मंगेशी म्हणू लागले आणि त्या नावाने मंगेशकर हे आडनाव दीनानाथांच्या घराण्यामुळे जगभर पोचले. यात दैवी न्याय आहे असे आम्ही म्हणणार नाही. रोगराईला न्यायबुद्धी नसते. परंतु एवढे खरे, की सत्तेने वसविलेली वस्ती सत्तेबरोबर उठते आणि नात्याने वसविलेली वस्ती नाते असेपर्यंत टिकते.

डिचोलीचेच आणखी एक उदाहरण घेऊ. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर १६८१ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. ज्या बादशहाशी महाराजांचे हाडवैर होते त्याच्याच मुलाला त्यांनी थारा दिला आणि त्याबद्दल बादशहाचा रोष आणखी ओढवून घेतला. हा शहजादा पुढे काही काळ डिचोलीस राहिला होता. तेथील नमाजगाह त्याच्या वास्तव्याशी जोडणारी परंपरा आजही सांगितली जाते. शेवटी १६८७ साली तो जहाजाने इराणकडे निघून गेला आणि परत आला नाही. त्याला येथे संरक्षण मिळाले, मान मिळाला. पण तो येथला झाला नाही. त्याचे चित्त सदैव दिल्लीच्या तख्तावर होते, आणि डिचोली ही त्याला वाटेवरची धर्मशाळा होती. यावरून आश्रय आणि आपलेपणा या दोन गोष्टी भिन्न आहेत हे दिसते. आश्रय देता येतो, आपलेपणा देता येत नाही. तो येणाऱ्याने स्वतः कमवावा लागतो. नार्वेस आलेल्या सप्तकोटीश्वराची आणि डिचोलीस आलेल्या शहजाद्याची गोष्ट एकाच महालातील आहे. पण एकाच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ च्या नोव्हेंबरात आरंभिला, अलीकडे २०२३ साली त्याच देवळाचे पुन्हा नूतनीकरण झाले, आणि गोकुळाष्टमीस आजही लोक नार्वेच्या पंचगंगेवर स्नानास जमतात. दुसऱ्याची केवळ आठवण उरली. पहिल्याभोवती सेवा करणारी माणसे होती, आणि त्या सेवेतून परके स्थान स्वतःचे झाले.

परंतु येथे एक आक्षेप उभा राहतो आणि त्याला प्रामाणिकपणे तोंड दिले पाहिजे. कोणी म्हणेल, सेवेने स्थान आपले होते हे तुमचे म्हणणे गोड आहे. परंतु व्यवहारात भुई ज्याच्या नावावर त्याची. याचे उत्तर आम्ही मये गावाकडे बोट दाखवून देऊ. ज्या मये गावाने एके काळी चोडणच्या देवकीकृष्णास ठाव दिला, त्याच गावची बहुतेक भुई पोर्तुगीज अमदानीत एका किताबधारी जमीनदाराच्या नावावर होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, मालक देशाबाहेर राहिला, आणि १९६४ च्या कायद्याने ती मालमत्ता स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात गेली. गाव मुक्त झाला, परंतु गावकरी ज्या घरात जन्मले, ज्या कुळागरांना त्यांनी पाणी घातले, त्या घराच्या भिंतीवर आणि त्या माडाच्या बुंध्यावर त्यांचा कायदेशीर हक्क नव्हता. मालकी रद्द करून रहिवाशांना हक्क देण्याचा मार्ग मोकळा करणारा कायदा झाला तो २०१४ साली. म्हणजे मुक्तीनंतर अर्धशतकाहून अधिक काळाने. या सर्व काळात मये गाव कोणाचा होता? कागद पाहिला तर दूरदेशी गेलेल्याचा, नंतर सरकारी अभिरक्षकाचा. परंतु त्या तळ्याचे पाणी कोणत्या महिन्यात उतरते, कोणत्या बांधाला भगदाड पडते, मळ्यातल्या जत्रेला कोणत्या घराचा कोणता मान, हे ज्याला ठाऊक होते, तो गाव त्याचाच होता असे न म्हणण्याचे धाडस कोण करील? कागदाला आम्ही तुच्छ लेखीत नाही. कागद नसला म्हणजे गरिबाची झोप उडते हे त्या गावाने भोगले आहे. मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५ चा कायदा करावा लागला तो यासाठीच. आमचे म्हणणे एवढेच, की न्यायी कागद तो, जो आधीपासून असलेल्या नात्यावर शिक्का मारतो.

हाच आरसा आता देवस्थानांपुढे धरणे प्राप्त आहे. आपल्या पूर्वजांना ज्या गावांनी ठाव दिला, त्या गावांतील मूळच्या कष्टकरी लोकांशी आपण पुढे कसे वागलो? देवस्थानांचा कारभार महाजनांकडे असावा असा नियम चालत आला आणि पोर्तुगीज सरकारच्या १९३३ च्या नियमावलीने तो कागदावर पक्का केला. व्यवस्थेसाठी नोंदवही हवी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याचे नाव वहीत आहे तो वर्षातून एकदा येतो, आणि ज्याचे नाव वहीत नाही तो बाराही महिने दिवटी धरतो, पालखी उचलतो, अंगण सारवतो. तेव्हा देवाच्या घरी कोण अधिक जवळचा, हा प्रश्न मनात तरी यावयास हवा. आलेला पाहुणा यजमान झाला, आणि पूर्वीचा यजमान दाराबाहेर उभा राहिला, असे कोठे घडले असेल तर ते आश्रयाच्या ऋणाची परतफेड नव्हे. या प्रश्नाचा निवाडा कायदा करील तेव्हा करो. आपल्या वागणुकीतील जिव्हाळा मात्र कोणत्याही नियमावलीची वाट पाहत नाही.

आता बाहेर गेलेल्यांविषयी. पेडणेकर, डिचोलकर, मयेकर, नार्वेकर, धारगळकर, मांद्रेकर ही आडनावे पाहा. पेडण्यात राहणाऱ्या सगळ्यांनाच पेडणेकर म्हणून कसे चालेल? ते नाव बहुधा गाव सोडून गेलेल्या माणसाला परगावच्या लोकांनी दिलेले असते. म्हणजे ‘कर’ हा प्रत्यय एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो. हा मनुष्य तेथला आहे, आणि हा आता तेथे नाही. अशा नावात एक प्रकारचे वचन गुंतलेले आहे. ते वचन केवळ जत्रेस येऊन, अभिषेकाची पावती घेऊन आणि दुपारच्या जेवणानंतर मोटारीत बसून पुरे होत नाही. गावची शाळा, गावचा ओढा, गावच्या वृद्धांचे एकाकीपण यांच्याशी ज्याचा संबंध तुटला, त्याचा मूळ गाव हा पत्त्यापुरता उरला. उलट, शेकडो कोस दूर राहूनही जो गावच्या सुखदुःखाची खबर ठेवतो आणि यथाशक्ती भार उचलतो, तो गावातच राहतो असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि आत येणाऱ्यांविषयी? पेडणे महालाने गेल्या काही वर्षांत फार मोठे स्थित्यंतर पाहिले आहे. मोपाच्या पठारावरील विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहता झाला. मोरजी, मांद्रे, हरमल येथील किनाऱ्यांवर देशोदेशीचे लोक येतात. डोंगरउतारांच्या जमिनी विकल्या जातात. डिचोलीत खाणींनी डोंगर पोखरले, आणि २०१२ साली त्या थांबल्या तेव्हा त्यांवर पोसलेल्या घरांतील चूलही मंदावली. अशा वेळी ‘बाहेरचे’ हा शब्द आपल्या तोंडी पुष्कळदा आणि कडवटपणाने येतो. त्या कडवटपणाला कारण नाही असे नव्हे. परंतु त्या एका शब्दाखाली आपण दोन अगदी निराळ्या माणसांना एकत्र बांधतो. एक पोटासाठी आलेला. जो आपल्या बांधकामावर दगड वाहतो, आपल्या देवळाचे शिखर रंगवितो, भाड्याच्या खोलीत चारपाच जणांत निजतो. दुसरा पैसा घेऊन आलेला. जो डोंगर विकत घेतो, भोवती भिंत घालतो, आणि पूर्वापार चालत आलेली पाण्याची वाट व झऱ्याची पायवाट बंद करतो. पहिला आपल्याकडे काही मागतो. दुसरा काही मागत नाही, म्हणून आपणही त्याच्याकडे काही मागत नाही, आणि वाटेल ते गमावून बसतो. धर्माने ज्याला शरणागत म्हटले तो पहिला होय. दुसरा खरेदीदार आहे. त्याच्याशी व्यवहार करताना गावचे हित आधी पाहणे हे निर्दयपणाचे लक्षण नव्हे. मात्र आपण पुष्कळदा उलट करतो. खरेदीदारापुढे नमतो आणि मजुरावर डोळे वटारतो.

कोणी विचारील, प्रत्येक गरजवंताला जागा दिली तर गावाचे गावपण उरेल काय? ही भीती पोकळ नाही. गाव म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे. भाषा, सणवार, पाण्याची वाटणी, मृतांची आठवण यांचा तो मेळ आहे, आणि मेळाला मर्यादा असते. परंतु गावपण कशाने मोडते, याचा नीट विचार केला तर असे दिसते की ते येणाऱ्याच्या संख्येपेक्षा राहणाऱ्याच्या उदासीनतेने अधिक मोडते. ज्या गावात शिगम्याचा रोमट निघतो, ज्याच्या मांडावर माणसे जमतात, त्या गावात आलेल्या मुलाला ढोलावर हात मारावयास शिकविता येते. जेथे मांडच ओस पडला, तेथे त्याला आपण काय शिकविणार? आपलेपणा कमवावा लागतो असे आम्ही वर म्हटले. पण तो कमविण्याची संधी देणे हे यजमानाचे काम आहे.

पेडण्याची पुनव पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. कोजागिरीच्या त्या रात्री भूतनाथ आपले देऊळ मागत रानाच्या वाटेला लागतो आणि लोक त्याला वचन देऊन, विनवून परत आणतात, अशी भाविकांची समजूत आहे. या रूढीचा अर्थ पंडित काय लावतील तो लावोत. आम्हांस तीत एक गोष्ट दिसते. ज्याला घर नाही त्याची मागणी दर वर्षी ऐकून घेण्याची सोय त्या गावाने करून ठेवली आहे. आपले घर झाले म्हणून बेघराचा प्रश्न संपला, असे तेथे मानीत नाहीत.

तेव्हा गाव कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते असे आहे. जन्माने गावाशी नात्याचा आरंभ होतो, कागदाने त्याला संरक्षण मिळते, परंतु ते टिकते सेवेने. ज्याने भार उचलला त्याचा गाव. आणि ज्याला भार उचलावयाचा आहे त्याला खांदा लावू द्यावा, हा गावधर्म. येत्या उत्सवात पालखीपुढे उभे राहिल्यावर आपण कोणत्या घराण्याचे, कितव्या मानाचे, हे सांगण्यापूर्वी आपले देव एके काळी कोणाच्या तरी दारात रिकाम्या हाताने उभे होते एवढे मनात आणावे. मग प्रसादाचे पान हाती आल्यावर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ‘आपण कोठले’ असे विचारताना आपला स्वर आपोआपच मृदू होईल.